सैनिकाच्या कमरेचे बक्कल



पोलिस शिपायाच्या क्रमांकाला आपल्याकडे 'बक्कल नंबर' म्हणण्याची चाल आहे. पट्ट्याच्या बकलावरून पडलेले हे नाव, क्रमांक पुढे कोठेही लावला गेला तरी, तसेच टिकून राहिले. मोर्चावर लाठी चालली की आम्ही संघटनेची माणसे पहिले काम करतो ते मारणाऱ्याचा बक्कल नंबर टिपून घेण्याचे. कारण चेहरे विसरले जातात आणि कोर्टात आकडा लागतो. 'चपराशी' हा शब्दही याच घरातला. चपरास म्हणजे कचेरीचे नाव कोरलेली पितळी पट्टी. फारसीत 'चप' म्हणजे डावे आणि 'रास्त' म्हणजे उजवे. पट्ट्याची डावी-उजवी टोके जोडते ती चपरास, अशी तिची व्युत्पत्ती सांगतात. ती ज्याच्या अंगावर तो चपराशी, आणि ती बसवलेला पट्टा बांधणारा तो पट्टेवाला. हा माणूस कोणाचा, हे त्याला न विचारता कळावे, एवढ्यासाठी हे पितळ घडवले जात असे.

एकोणिसाव्या शतकातील सैनिकांची बक्कले जमवणारी मंडळी युरोप-अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यांतही अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळातील बकलांचा नाद सर्वांत दांडगा. त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ निघाले आहेत. विल्यम गॅव्हिन यांचा १९६३ साली आला, सिडनी कर्कसिस यांचा १९७४ साली. कर्कसिस यांच्या ग्रंथातील क्रमांक सांगितला की जाणत्या संग्राहकाला वस्तू डोळ्यांपुढे दिसते. मी स्वतः संग्राहक नव्हे. माझे शिक्षण ओतशाळेच्या दारात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु आयुष्य धातूकाम करणाऱ्या माणसांत गेल्यामुळे कोणतीही पितळी वस्तू हाती आली की ती उलटी करून पाहण्याची मला खोड आहे. आजचे व्याख्यान त्या खोडीचेच फळ समजा.

उत्तरेकडील संघराज्याच्या पायदळ शिपायाच्या अंगावर साधारणतः तीन पितळी चकत्या असत. कमरेच्या पट्ट्यावर 'यू. एस.' अशी दोन अक्षरे उठवलेली लंबगोल चकती. काडतुसांच्या कातडी पेटीच्या झाकणावर तशीच दुसरी. आणि पेटी खांद्यावरून अडकवण्याच्या रुंद पट्ट्यावर, छातीच्या जागी, गरुडाची गोल चकती. लंबगोल नमुना १८३९ सालचा. मोठ्या आकाराची चकती सुमारे साडेतीन इंच लांब. झाकणावरच्या चकतीला शोभेखेरीज एक कामही होते. तिच्या वजनाने झाकण खाली राही आणि धावताना काडतुसे सांडत नसत. युद्धाच्या अखेरच्या काळात सरकारने ही चकती काढून टाकून तीच अक्षरे कातड्यावर दाबून उठवण्यास आरंभ केला. अक्षरे तीच राहिली आणि पितळ वाचले.

आता चकती उलटी करा. पुढून ती भरीव, जड, एखाद्या नाण्यासारखी दिसते. पण आत केवळ पितळेचा पातळ पत्रा आहे. पोलादाच्या ठशावर पत्रा ठेवून वरून घणयंत्राचा आघात केला की अक्षरे पुढे उठतात व मागे खळगा पडतो. तो खळगा शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाने, म्हणजे आपल्या तांबटाच्या डाखासारख्या रसाने भरून काढीत. रस थिजण्यापूर्वी त्यात पितळेचे आकडे उभे करीत, पेटीच्या चकतीसाठी लोखंडी तारेची कडी बसवीत. आकड्यांच्या आकारावरून संग्राहकांनी लाडकी नावे पाडली आहेत: एका प्रकाराला बाणाचे आकडे म्हणतात, दुसऱ्याला, त्याचे बूड कुत्र्याच्या पिलाच्या पंज्यासारखे दिसते म्हणून, पिलाचा पंजा म्हणतात. त्या शिशावर कधी कधी कंत्राटदाराचा शिक्काही असतो. ब्रुकलिनचा डब्ल्यू. एच. स्मिथ, मॅसॅच्युसेट्समधील चिकोपी गावचा ई. गेलॉर्ड, बोस्टनचे बॉइड आणि मंडळी, एच. ए. डिंगी, अशी ही नावे आहेत. शिसे ओतणाऱ्याचे नाव मात्र कोठेही नाही. शिसे वितळवणाऱ्या माणसाच्या पोटात आणि हाडांत हळूहळू काय साठत जाते, ते ज्यांनी बॅटरीच्या कारखान्यात पाळ्या केल्या आहेत त्यांना मी सांगायला नको.

दक्षिणेची गोष्ट निराळी. तिकडे कापूस अमाप, पण धातूचे कारखाने थोडे. काही राज्यांच्या जुन्या पथकांपाशी आपापली बक्कले होती. अलाबामाच्या स्वयंसेवकांची 'ए. व्ही. सी.' अक्षरांची चकती संग्राहक फार मोठ्या किमतीला घेतात. नव्या सैन्यासाठी मात्र जे जमेल ते करावे लागे. पत्र्याचा ठसा उठवण्याऐवजी वाळूच्या साच्यात ओतलेल्या 'सी. एस. ए.' अक्षरांच्या चौकोनी पट्ट्या, कडा कानशीने ओबडधोबड घासलेल्या. आणि त्याहून कितीतरी अधिक नुसत्या चौकटीची साधी बक्कले. कातडे नव्हते तेव्हा कापडाचे पट्टे केले. १८६३ च्या अखेरीस टेनेसीतील डकटाउनच्या तांब्याच्या खाणी हातच्या गेल्या, तेव्हा दक्षिणेच्या शस्त्रखात्याचा प्रमुख जोसाया गॉर्गस याने नॉर्थ कॅरोलिनात टर्पेंटाइन आणि सफरचंदाची दारू गाळण्याच्या तांब्याच्या भट्ट्या गोळा करून, तोडून, रिचमंडला आणवल्या. ते तांबे बंदुकीच्या टोप्यांसाठी हवे होते. जेथे टोप्यांसाठी दारूच्या भट्ट्या फोडायची पाळी आली, तेथे बकलाला पितळ कोठून मिळणार? दक्षिणेचे शिपाई मेलेल्या किंवा पकडलेल्या शत्रूचा पट्टा काढून स्वतः वापरीत. 'यू. एस.' चकती उलटी लावून ते तिचा वेगळाच अर्थ लावीत, अशी एक गोष्ट संग्राहकांत रंगवून सांगतात; मी ती गोष्ट म्हणूनच सांगतो.

उरलेली गरज विलायतेने भागवली. एस. आयझॅक, कँबेल आणि कंपनी या लंडनच्या पेढीने बंदुकांबरोबर पट्टेही पुरवले. त्या पट्ट्यांना नागमोडी आकड्याचे बक्कल असे. आपल्या शाळकरी मुलांच्या लवचीक पट्ट्याला असणारा सापासारखा आकडा त्याच कुळातला. व्हर्जिनियाच्या मातीत असा साप सापडला की तो बहुधा दक्षिणेच्या शिपायाचा धरतात. या मालाची किंमत दक्षिणेने चुकती करायची ती कापसावर. उत्तरेच्या आरमाराने बंदरे आवळली आणि तो कापूस अडकून पडला. लँकेशायरच्या गिरण्यांनी मग मुंबईकडे तोंड वळवले. कापसाचे भाव चढले, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा झाला, आणि १८६५ साली युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंद यांचे नाव त्या प्रकरणात सर्वांना ठाऊक आहे. त्या सापाचा आपल्याशी संबंध आहे तो एवढा, आणि तो थोडका नव्हे.

ही बक्कले आजवर मिळाली कशी? घराण्यांत जपलेली थोडी. बहुतेक जमिनीतून आलेली. १९४५ नंतर सैन्याचे जुने भूसुरुंगशोधक यंत्र बाजारात स्वस्तात विकायला आले आणि व्हर्जिनियातील हौशी लोक ते घेऊन शेतांतून हिंडू लागले. पुढे खास या कामाची हलकी यंत्रे निघाली. रणांगण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पडलेले वीर येतात. पण पितळ अधिक सापडते ते छावण्यांत. १८६२-६३ च्या हिवाळ्यात पोटोमॅकची सेना, लाखाच्या वर माणूस, व्हर्जिनियात फाल्मथच्या परिसरात झोपड्या करून राहिली. जेथे माणसे महिनोन्‌महिने राहतात तेथे बटणे तुटतात, पट्टे कुजतात, निघताना जड वस्तू टाकल्या जातात. झोपडीचा बुजलेला खड्डा उपसला की इतिहास हाती लागतो, असे हे लोक म्हणतात.

तो हाती लागतो की हातचा जातो, हा खरा वाद आहे. सरकारी जमिनीवर परवान्यावाचून उकरण्यास अमेरिकेत १९७९ च्या कायद्याने कडक बंदी आहे. खाजगी जमिनीवर मालकाची संमती पुरते, आणि पैसे भरून सामुदायिक खोदकामाचे मेळावेही भरत आले आहेत. पुरातत्त्ववाले या सर्वांना लुटारू म्हणतात, हे हौशी लोक त्यांना दिवाणखान्यातले पंडित म्हणतात. माझे मत असे की दोष यंत्राचा नव्हे, वहीचा आहे. मोंटानातील लिटल बिगहॉर्न येथे १८७६ साली लढाई झाली. १९८३ च्या वणव्यात तेथले गवत जळाले, आणि १९८४-८५ मध्ये डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स यांनी याच धातुशोधक यंत्रांनी ती जमीन पिंजून काढली. यंत्रे चालवायला स्वयंसेवक होते. परंतु प्रत्येक गोळी, प्रत्येक पुंगळी कोठे सापडली ते मोजून नकाशावर मांडले. त्यामुळे कोणती बंदूक कोठून कोठे हलली तेही सांगता आले. वस्तू तीच, यंत्र तेच. फरक एका नोंदीचा.

नोंद नसली की बाजारात काय घडते, तेही पाहू. १९६१ ते १९६५ या शताब्दीच्या वर्षांत जुन्या पोशाखात लुटुपुटूच्या लढाया लढणाऱ्यांची हौस वाढली, तशी नकली बक्कलेही निघाली. नक्कल म्हणून विकली तोवर त्यात पाप नव्हते. मग ती मातीत पुरून जुनी करण्यात आली. सर्वांत नामी प्रकार मात्र टिफनी बकलांचा. १९६० च्या दशकात लंडनच्या बाजारातून मोठमोठी, आगगाड्यांची, टपालगाड्यांची आणि युद्धाची चित्रे असलेली बक्कले बाहेर पडू लागली. पाठीवर न्यूयॉर्कच्या टिफनी या सुप्रसिद्ध जवाहिऱ्यांचे, किंवा आपल्या ओळखीच्या गेलॉर्डचे नाव. लोकांना शंका येऊ नये म्हणून १९५० साल छापलेले एक सचित्र पुस्तकही तयार होते. त्यात ही बक्कले खरी असल्याचा सगळा इतिहास दिलेला. पुस्तक वाचून लोक बक्कल घेत आणि बक्कल पाहून पुस्तक खरे मानीत. १९७० च्या दशकाच्या आरंभी हे बिंग फुटले. बक्कल नकली होते आणि पुस्तकही नकली होते! बनावट करणाऱ्याची अक्कल पाहा: शिपायाचे नाव घालण्यापेक्षा कारखानदाराचे नाव घालणे त्याला अधिक फायद्याचे वाटले.

खरे-खोटे ओळखण्याची एक युक्ती मात्र आमच्या धंद्यातली आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. ओतकामासाठी लाकडी नमुना करणारा कारागीर साधी फूटपट्टी वापरत नाही. त्याच्या पट्टीवरचा इंच खऱ्या इंचाहून किंचित लांब असतो. कारण रस थिजताना धातू आकसतो. पितळेसाठी फुटामागे तीन-षोडशांश इंच धरतात. आता कोणी अस्सल चकतीचाच वाळूत ठसा घेऊन नवी ओतली, तर साडेतीन इंचांच्या चकतीत एक मिलिमीटरहून थोडी अधिक तूट येणारच. दलालाने कितीही शपथा घेतल्या तरी ही तूट भरून निघत नाही. शिवाय ओतीव चकतीच्या अक्षरांच्या कडा गोलसर येतात, पृष्ठभागावर वाळूचे बारीक खवले राहतात, आणि जेथे पत्रा ठोकल्याची खूण हवी तेथे ती नसते. जुन्या शिशावर वर्षानुवर्षे चढलेली पांढुरकी, करडी साय घाईने आणता येत नाही, असे जाणते सांगतात.

संग्राहकांच्या काचेच्या कपाटांत अँटिटमच्या रणांगणावरून आलेल्या चकतीला विशेष मान असतो. १७ सप्टेंबर १८६२ ला मेरीलँडमध्ये त्या ओढ्याकाठी दोन्ही बाजूंची मिळून सुमारे २३ हजार माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. अमेरिकेच्या इतिहासातील तो सर्वांत रक्तरंजित दिवस मानतात. त्याच दिवशी दुपारी, पिट्सबर्गच्या ॲलेघेनी शस्त्रागारात काडतुसे वळण्याच्या शाळेत स्फोट झाला. या शस्त्रागारात काडतुसेही होत आणि शिपायाचे कातडी सामानही होई. म्हणजे चकती जिच्यावर बसायची ती पेटी, आणि पेटीत भरायची ती काडतुसे, दोन्ही एकाच आवारात. ७८ जण मेले. त्यांत बहुतेक मुली आणि तरुण बायका. मुलींचे हात लहान व चपळ म्हणून त्यांना या कामावर घेत. आवारातील दगडी रस्त्यावर दारूचा भुगा सांडलेला असे, आणि घोड्याच्या नालेची किंवा गाडीच्या लोखंडी धावेची ठिणगी त्यावर पडली असावी, असे चौकशीत पुढे आले. शहराच्या पंचांनी शस्त्रागाराच्या अधिकाऱ्यांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. लष्कराने आपली चौकशी केली आणि प्रमुखाला निर्दोष ठरवले. ओळख पटली नाही अशा पुष्कळ जणींना एकाच जागी पुरले. मी हे वाचले तेव्हा मला त्यात काही परके वाटले नाही. फटाक्यांच्या कारखान्यांतल्या चौकशा मी पाहिल्या आहेत.

या मुलींच्या अंगावर कोणतेही पितळ नव्हते, म्हणून त्यांचे काही जमवता येत नाही, आणि कर्कसिस यांच्या यादीत त्यांना क्रमांक नाही.

आता त्या दोन अक्षरांकडे येतो. मी मघापासून चकतीची मागची बाजू दाखवीत आलो. पण पुढची बाजू खोटी किंवा पोकळ आहे असे माझे म्हणणे नाही. फ्रेडरिक डग्लस हा गुलामगिरीतून पळून आलेला, स्वतःच लिहायला-वाचायला शिकलेला पुढारी. जुलै १८६३ मध्ये फिलाडेल्फियाच्या सभेत काळ्या तरुणांना सैन्यात येण्याची हाक देताना त्याने नेमके या पितळी अक्षरांचे नाव घेतले. एकदा काळ्या माणसाच्या अंगावर ही दोन अक्षरे, बटणावर गरुड आणि खांद्यावर बंदूक आली, की त्याने नागरिकत्वाचा हक्क मिळवला हे पृथ्वीवरची कोणतीही सत्ता नाकारू शकणार नाही, अशा आशयाचे त्याचे बोलणे होते. सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक त्या युद्धात संघराज्याच्या बाजूने उभे राहिले. ज्या माणसाला परवापर्यंत मालकाच्या नावाने ओळखत, तो आता राष्ट्राच्या नावाने ओळखला जाणार होता. अंगावरच्या पितळेची महती याहून कोणी अधिक सांगितलेली मला ठाऊक नाही.

आणि पगार? गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, वर कपड्यांचा भत्ता साडेतीन डॉलर. काळ्याला १० डॉलर, आणि त्यांतून कपड्यांचे ३ कापून हाती ७. पट्टा तोच, पेटी तीच, चकती तीच, समोरून येणारी गोळीही तीच. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हा पगार घेण्याचेच नाकारले. त्यांच्या राज्याने फरकाची रक्कम आपल्या तिजोरीतून भरून देऊ केली, तीही त्यांनी परत केली, कारण प्रश्न दिडक्यांचा नव्हता. सुमारे दीड वर्ष ही माणसे बिनपगारी लढली, आणि घरी बायका-मुले हालात राहिली. संप कसा करावा हे मला कोणी विचारले तर मी त्या पलटणीकडे बोट दाखवतो.

थर्ड साउथ कॅरोलिना या पलटणीत बहुतेक सारे नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले होते. नोव्हेंबर १८६३ मध्ये हिल्टन हेड बेटावर सार्जंट विल्यम वॉकर याच्या पुढाकाराने त्याच्या कंपनीने कर्नलच्या तंबूपुढे बंदुका रचून ठेवल्या. सात डॉलरवर आम्ही काम करणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. आमच्या भाषेत याला हत्यार खाली ठेवणे म्हणतात, आणि कारखान्यात त्याची शिक्षा फार तर बडतर्फी. वॉकरवर बंडाचा खटला भरून फेब्रुवारी १८६४ च्या अखेरीस फ्लोरिडात त्याला गोळ्या घातल्या. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन अँड्र्यू याने पुढे कडवटपणे म्हटले की या माणसाला पगार द्यायला सरकारला कायदा सापडेना, पण शिपाई म्हणून ठार मारायला पुरेसा सापडला. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, जून १८६४ मध्ये, काँग्रेसने समान वेतनाचा कायदा केला. त्यातही मेख होतीच: भरती झाल्या दिवसापासूनची थकबाकी १९ एप्रिल १८६१ रोजी जे स्वतंत्र होते त्यांनाच, त्या दिवशी जे गुलाम होते त्यांना १८६४ च्या जानेवारीपासून. उरलेली थकबाकी मिळण्याची वाट १८६५ च्या मार्चमधील कायद्याने मोकळी झाली.

तेरा डॉलरवाल्याची चकती आणि सात डॉलरवाल्याची चकती शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींचा नमुना १८३९ चा, दोन्हींच्या पाठीत तेच शिसे, तेच आकडे; कदाचित शिक्काही त्याच कंत्राटदाराचा. कोणताही जाणकार, कोणतीही मोजपट्टी त्यांतला भेद सांगू शकणार नाही. भेद सांगू शकते ती फक्त एक गोष्ट: ती जमिनीत कोठे सापडली, तिच्याबरोबर काय होते, आणि त्या जागी कोणती पलटण राहिली होती. ही नोंद चिठ्ठीवर लिहून चकतीबरोबर ठेवायला एक पेन्सिल पुरते. ज्याने ती ठेवली त्याच्या कपाटात काळ्या पलटणीच्या छावणीतील चकती त्या पलटणीची म्हणून राहते. ज्याने ठेवली नाही त्याच्या कपाटात सगळ्या चकत्या सारख्याच चकाकतात, आणि विक्रीच्या वेळी त्यांवर अँटिटमचे लेबल लागते.